वाटा आधी काढा

मला पशुवैद्य म्हणून आलेल्या पत्रांतली या वेळी चार घेतली आहेत. चारही पत्रांत एक मूल आहे आणि एक कुत्रा. ठरवून निवडलेली नाहीत, गठ्ठ्यात अशीच एकापाठोपाठ निघाली. पहिल्या पत्रानंच बरीच जागा खाल्ली आहे, म्हणून मांजरवाल्यांनी रागावू नये. त्यांची पाळी पुढच्या अंकात.

पत्र पहिलं

आदरणीय डॉक्टरसाहेब, माझे यजमान इमारतींना रंग द्यायचं काम करत. आठ महिन्यांपूर्वी परांचीवरून पडले, मणक्याला मार लागला, तेव्हापासून अंथरुणावर आहेत. मी दोन घरची कामं करते, रात्री शिवण करते. मोठा मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे. मुलगी चार वर्षांची. अडीच वर्षांपूर्वी गटाराच्या तोंडाशी अडकलेलं एक पिल्लू मुलानं भर पावसात शर्टात गुंडाळून आणलं. त्याचं नाव टिप्या. आता चांगला मोठा झालाय.

घरभाडं थकलं आहे, म्हणून पुढच्या महिन्यात मोठ्या दिरांच्या घरी एका खोलीत राहायला जायचं आहे. तिथं कुत्रा चालणार नाही असं जाऊबाईंनी सांगितलंय. दीर म्हणतात, पोरगा शाळेत गेला की टेम्पोत घालून लांब सोडून येतो, दोन दिवस रडेल आणि विसरेल. माणसांना पुरत नाही तिथं कुत्र्याला कुठून घालायचं? दीर वाईट नाहीत. यांच्या औषधांचा निम्मा खर्च तेच करतात. त्यांना नाही कसं म्हणू?

मुलगा वाळलाय. परवा कळलं की ताटातलं अर्धं लपवून टिप्याला नेतो आणि मला सांगतो, पोट भरलं. रात्री त्याच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजत असतो. माझ्याशी मात्र कामापुरतं बोलतो. खरंच विसरेल का हो तो?
एक आई

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. नाही, विसरणार नाही. आणि हे मी पशुवैद्य म्हणून सांगत नाहीये.

माझ्या वडिलांना क्षय झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वडील हमाली करायचे. ओझं उचलणारा माणूस खोकायला लागला की घर बसतं. तेव्हा क्षयाचे उपचार वर्ष-दीड वर्ष चालत. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेऊन घेऊन वडिलांना एका कुशीवर झोपता येत नसे. आमच्याकडे एक कुत्रा होता. नाकावर काळा आडवा पट्टा, अगदी चष्मा घसरल्यासारखा, म्हणून त्याचं नाव मुनीम. मला वडिलांच्या खाटेजवळ जायची बंदी होती, त्यांचं ताट-भांडं वेगळं होतं. मुनीमला बंदी कोण घालणार? तो खाटेखाली पडून असायचा आणि मी उंबऱ्यात बसून त्याच्याकडून बातमी काढायचो. शेपूट हलवत बाहेर आला की आज बरं आहे. आलाच नाही की रात्र खोकल्यात गेली. हे माझं वैद्यकशास्त्र.

एका दुपारी शाळेतून आलो तर मुनीम नव्हता. आई म्हणाली, पळाला. त्याच दिवशी सकाळी त्यानं माझी भूगोलाची वही चावली होती आणि मी त्याला लाकडी पट्टीनं मारलं होतं. एकच फटका, पण सणसणीत. म्हणजे तो माझ्यामुळे गेला, हा हिशेब मी तिथल्या तिथे मांडला आणि कुणालाही दाखवला नाही. महिनाभर शाळा सुटल्यावर गल्ल्या पालथ्या घातल्या. पुढे शिकलो, पशुवैद्य झालो. सव्विसाव्या वर्षी मामीच्या घरी काहीतरी बोलणं निघालं आणि ती सहज म्हणाली, "तुझा तो चष्मेवाला कुत्रा, ह्यांनीच नाही का पोत्यात घालून सायकलवरून नेला होता! परत येताना हात चावून घेतला, तो वेगळाच." मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही रे."

आईचा राग आला नाही. तेव्हा घरात कोण किती वेळचं उपाशी होतं, हे तोवर मला कळत होतं. पण वाईट वाटू नये म्हणून तिनं जे केलं त्यामुळे सोळा वर्षं मी त्या लाकडी पट्टीचा आवाज ऐकत होतो, हे तिला कधी सुचलंही नव्हतं. मीही सांगितलं नाही.

म्हणून ताई, पहिली गोष्ट पक्की करा. मुलगा शाळेत असताना काहीही करायचं नाही. टिप्या राहो वा जावो, जे होईल ते त्याच्या डोळ्यांसमोर, त्याला सांगून आणि त्याच्या हातानं होऊ दे. तो रडेल, तुमच्यावर चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. ते चालेल.

आता दिरांचं. त्यांच्याशी भांडू नका, पण लांब सोडणं म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगा. त्यांना वाटत असेल की कुत्रा कुठंही पोट भरतो. गल्लीतला कुत्रा त्याच्या गल्लीत पोट भरतो, दुसऱ्याच्या नाही. नव्या जागी पहिल्या तासातच तिथले चार कुत्रे त्याला फाडायला येतात. तिथून सुटला तर तो घराकडे निघतो. कुत्र्याला दिशा चांगली कळते. चेक संशोधकांनी २०२० साली शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस बांधून बघितलं, तेव्हा बरेच कुत्रे आपल्याच वासाच्या मागावर परत आले आणि काही तर सरळ नव्या वाटेनं मालकाकडे पोचले. पण ते कुत्रे स्वतःच्या पायांनी रानात गेले होते. टेम्पोतून नेलेल्याला मागे धरायला स्वतःचा मागच नसतो. मग तो रस्त्यांवरून भटकतो, आणि पुढचं मी चौतीस वर्षांच्या नोकरीत टेबलावर पुष्कळ बघितलं आहे. गळ्यात दोरीचा तुकडा असलेला, गाडीखाली आलेला कुत्रा. असा कुत्रा आला की आमचा मदतनीस आधी दोरीची गाठ बघायचा आणि म्हणायचा, "साहेब, हा सोडलेला."

"माणसांना पुरत नाही तिथं कुत्र्याला कुठून" हा दिरांचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याला भावनेनं उत्तर देऊ नये. हिशेबानं देऊ. बारा-तेरा किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ७०० ते ७५० कॅलरी लागतात. म्हणजे मोठ्या माणसाच्या गरजेच्या सुमारे एक तृतीयांश. हे काही शून्य नाही. पण त्याला वेगळं विकत आणलेलं खाद्य लागत नाही, घरात धान्य शिजतं त्यात त्याचं बरंच भागतं. लांडग्यात धान्यातलं पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या दोनच प्रती असतात, कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत सापडल्या आहेत, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. माणसाच्या उरल्यासुरल्यावर जगता यावं म्हणून या प्राण्यानं आपलं पोट बदलून घेतलंय. आणखी काय करायचं त्यानं? मीठ-मसाला पडायच्या आधीचं अन्न त्याचं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात. कुणी शेजारी, कुणी खाटीक उरलंसुरलं देत असेल तर ते मागून आणायची जबाबदारी मुलाला द्या.

आणि आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मुलगा आपल्या ताटातलं अर्धं टिप्याला देतो याचं तुम्हाला वाईट वाटतं, पण "नको देऊ" म्हणून तो थांबणार नाही, लपवायला मात्र शिकेल. म्हणून उद्यापासून स्वयंपाक झाला की पानं वाढायच्या आधी टिप्याचा वाटा काढा. थोडा असू दे, पण आधी काढा, मुलासमोर काढा आणि त्याच्या हातात द्या. मग मुलाच्या पानात वाढा आणि सांगा, हे तुझं आहे, यातलं कुणाला जायचं नाही. टिप्याची सोय झालेली दिसली की मुलाचा घास घशाखाली उतरेल. माझ्या अनुभवात असं मूल हट्टानं उपाशी राहत नाही. त्याला फक्त खात्री नसते, की आपण नाही दिलं तर कुणी देईल का.

रात्रीच्या कुजबुजीला घाबरू नका. बोरिस लेव्हिन्सन नावाचे न्यूयॉर्कचे एक बालमानसतज्ज्ञ होते. मोठ्यांशी न बोलणारी मुलं त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याजवळ मोकळी होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ते आपल्या क्षेत्रातल्या लोकांपुढे मांडलं तेव्हा काहींनी त्यांची थट्टा केली. आज तीच गोष्ट रुग्णालयांत रीतसर उपचार म्हणून चालते. तुमचा मुलगा घरात कुणाला काय विचारणार? बाबा उठतील का, असं तुम्हाला विचारलं तर तुमच्या डोळ्यांत पाणी येणार, हे त्याला ठाऊक आहे. टिप्याला विचारलं तर काही होत नाही. तरी एकदा त्याच्याशेजारी बसा. टिप्याच्या पाठीवर हात ठेवून तुम्हीच टिप्याला काहीतरी सांगा. मुलगा ऐकेल. मला हे कुणी शिकवलेलं नाही, पण करून बघा.

तुमच्या पत्रात एक माणूस बोलतच नाही, हे मला खटकलं. यजमानांचं मत काय? दिवसभर तुम्ही कामावर, मुलगा शाळेत, मुलगी लहान, तेव्हा त्या खोलीत त्यांच्यासोबत कोण असतं? टिप्याच ना? त्यांना विचारा. कमावता हात थांबला की माणसाला कुणी काही विचारेनासं होतं, माझ्या वडिलांचं तसंच झालं होतं. कुत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न निदान त्यांच्यापुढे टाका. दिरांकडेही तुमच्याऐवजी त्यांनीच शब्द टाकलेला बरा. भावानं भावाकडे मागणं वेगळं.

काय मागायचं? खोलीत कुत्रा चालणार नाही असं जाऊबाई म्हणाल्या आहेत. दाराबाहेर, जिन्याखाली, मागच्या बाजूला चालेल का, असं विचारा. सोबत तीन गोष्टी कबूल करा, आणि त्या मुलाकडून वहीत लिहून घ्या: घाण तो स्वतः काढेल, रोज दोनदा फिरवेल, आणि रेबीजची लस चुकवणार नाही. एकवेळ महागडा पट्टा, साबण, खाऊ हे सगळं गाळा, पण ही लस गाळू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि प्राणिमित्रांच्या शिबिरांत ती पुष्कळदा फुकट किंवा नाममात्र खर्चात मिळते. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्याच्या आसपास चौकशी करा. शक्य असेल तर त्याची नसबंदीही करून घ्या, भटकणं आणि मारामाऱ्या बऱ्याच कमी होतात.

आणि तरीही नाहीच जमलं तर? तसंही होऊ शकतं. मग चालत जाता येईल अशा अंतरावर ओळखीचं घर शोधा. तुम्ही काम करता त्या घरांतही विचारून बघा, किंवा रात्री राखण लागते अशी एखादी जागा. मुलानं स्वतः टिप्याला तिथं न्यावं, काय खातो, कशाला घाबरतो ते त्यांना सांगावं, आणि आपला एक न धुतलेला शर्ट त्याच्या अंथरुणावर ठेवून यावं. हे मी मनानं सांगत नाही. अमेरिकेत ग्रेगरी बर्न्स यांच्या गटानं १२ कुत्र्यांना जागेपणी एमआरआय यंत्रात स्थिर बसायला शिकवलं आणि वेगवेगळे वास दिले. मेंदूतला सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग सर्वांत जास्त उजळला तो ओळखीच्या माणसाच्या वासाला, आणि तो माणूस तेव्हा समोर नव्हताही. म्हणजे शर्ट टिप्यासाठी आहेच. पण खरं सांगायचं तर तो मुलासाठी जास्त आहे. आपलं काहीतरी तिथं आहे, एवढं त्याला पुरतं. दर रविवारी जाऊन भेटता येईल, हे आधीच ठरवून घ्या आणि मग पाळा.

आणखी एक सांगतो, दिरांना ऐकवायला उपयोगी पडेल. जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली खाणकामगारांना एक जुनी कबर लागली, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. त्यात एक पुरुष, एक बाई आणि एक कुत्र्याचं पिल्लू. त्या पिल्लाच्या दातांवरून संशोधकांनी ओळखलं की साधारण पाच महिन्यांचं असताना त्याला डिस्टेंपर झाला असावा आणि त्यानंतरही ते काही आठवडे जगलं. हा आजार मी रोज बघितलाय. उलट्या, जुलाब, झटके. त्यात कुणी पाणी पाजल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय, पुसल्याशिवाय पिल्लू इतके दिवस टिकत नाही. शिकारीला, राखणीला त्या पिल्लाचा काडीचा उपयोग नव्हता. आणि धान्याच्या कोठ्या तर तेव्हा कुणाकडेच नव्हत्या.

पत्र दुसरं

डॉक्टरकाका, मी तेरा वर्षांचा आहे. माझ्या कुत्र्याला पंधरा दिवसांपूर्वी एक अनोळखी कुत्रा चावला. काल जखमेला औषध लावताना त्यानं माझ्या अंगठ्याला दात लावले, थोडं रक्त आलं. घरी सांगितलं नाही. पप्पा म्हणाले होते, कुणाला चावला तर त्याच दिवशी बाहेर. आमच्याकडे सध्या पैशांचीही अडचण आहे. काही होणार नाही ना? माझी चूक होती, त्याची नाही. (मागे बाईंचा नंबर लिहिला आहे.)

हे पत्र वाचलं तेव्हा अंकाला तीन आठवडे अवकाश होता. थांबण्यात अर्थ नव्हता. संपादकांनी त्याच दुपारी मागे लिहिलेल्या नंबरावर फोन केला. त्या वर्गशिक्षिका निघाल्या, आणि संध्याकाळच्या आत मुलाला लसीचं पहिलं इंजेक्शन मिळालं. मित्रा, नंबर लिहिलास ही तू केलेली सर्वांत शहाणी गोष्ट. आता बाकीच्यांसाठी लिहितो, कारण असं लपवणारा तू एकटा नाहीस. कुत्र्याला वाचवण्यासाठी स्वतःचा चावा लपवणारी मुलं मी मोजली नाहीत, पण दरवर्षी भेटत.

कुत्रा ओळखीचा असो, पिल्लू असो, चूक कुणाचीही असो, दात लागून रक्त आलं किंवा नुसतं खरचटलं तरी तो भाग वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचा. घड्याळ लावून पंधरा. मग त्याच दिवशी दवाखाना. लस दंडात देतात. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या गोष्टी जुन्या झाल्या. रक्त आलं असेल तर जखमेभोवती आणखी एक औषध टोचावं लागतं, ते विसरू द्यायचं नाही. चावणारा कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा. तो धडधाकट राहिला तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात, पण दहा दिवस थांबून मग लस घ्यायची, हा हिशेब उलटा आणि जीवघेणा आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्याकडे जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई घेऊन आली. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला चौदा ठिकाणी फाडलं होतं. पाश्चर वैद्य नव्हते, लस माणसावर वापरायचा निर्णय घेताना त्यांचीही झोप उडाली असणार. दहा-अकरा दिवसांत तेरा वेळा टोचलं आणि पोरगा जगला. मोठेपणी तो पाश्चर यांच्याच संस्थेत दारवान झाला. तुला चारेक टोचण्यांतच सुटका आहे, तेव्हा कुरकुर नको.

तुझ्या कुत्र्यालाही दवाखान्यात दाखवलं आहे. त्याच्या लसीचा कागद सापडला नाही, म्हणून त्याला लस देऊन काही महिने बांधून, वेगळं ठेवायला सांगितलंय. या काळात त्याला लाडानं मिठी मारायची नाही. लांबून बोल, त्याला कळतं. आणि पप्पा, हे वाचत असाल तर एक विनंती. "चावला तर बाहेर" हे वाक्य मागे घ्या. त्या वाक्यानं चावा थांबला नाही, सांगणं मात्र थांबलं.

पत्र तिसरं

जपानच्या हाचिकोची गोष्ट खरी की रचलेली? माझे जावई म्हणतात, कुत्रा खायला मिळायचं म्हणून स्टेशनवर बसायचा, तुम्ही उगाच निष्ठा म्हणता. नातू रडवेला झाला.
एक आजी

आजी, गोष्ट खरी आहे. हाचिको या कुत्र्याचे मालक प्राध्यापक उएनो मे १९२५ मध्ये कामाच्या ठिकाणीच अचानक वारले आणि हाचिको ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत, म्हणजे दहा वर्षांना थोडी कमी, त्यांची वाट बघत टोकियोच्या शिबुया स्टेशनवर येत राहिला. १९३२ साली वर्तमानपत्रात छापून येईपर्यंत त्याचं तिथं फारसं कौतुकही नव्हतं, लोक हाकलायचे. जावईबापूंच्या बाजूनं पुरावा आहे, तोही सांगतो: मेल्यावर त्याच्या पोटात मांसाचे तुकडे खोवून भाजतात त्या काड्या सापडल्या. त्या काड्यांनी तो मेला नाही, त्याला कर्करोग आणि हृदयातले जंत होते.

पण म्हणून काय झालं? घरी जेवायला मिळतं म्हणून जावईबापू संध्याकाळी घरी येतात, असं आपण म्हणतो का? खाणं आणि माया कुत्र्याच्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत नसतात. माणसाच्याही नसतात, असा माझा अंदाज आहे. नातवाला सांगा, दोन्ही खरं असू शकतं.

पत्र चौथं

काका, आमचा कुत्रा शेरू माझी शाळा सुटायच्या वेळी बरोब्बर दारात येऊन बसतो. त्याला घड्याळ कळतं का? आई म्हणते कळतं. इयत्ता चौथी.

घड्याळ नाही, पण बाकी खूप काही कळतं. दुपारी कुणाचा नळ कधी वाजतो, कोण कधी झोपून उठतं, सावली कुठवर येते, आई कधी दाराकडे बघायला लागते. काही अभ्यासकांना असंही वाटतं की तू सकाळी गेल्यावर घरातला तुझा वास हळूहळू विरत जातो आणि तो अमुक इतका कमी झाला की तू येतोस, हे त्याला सवयीनं ठाऊक होतं. ही अजून नुसती कल्पना आहे, पण मला ती आवडते.

तू तपासून बघ. वही घे. आठ दिवस शेरू दारात कधी येतो ती वेळ आईला लिहायला सांग. एक दिवस तुझा कालचा शर्ट दुपारी त्याच्या जागेवर ठेवायला सांग, बघ उशिरा येतो का. आणि रविवारी, तू घरातच असताना, त्या वेळी तो काय करतो ते मला कळव.